धुळाबाची जाळी

औंधच्या पूर्वेच्या माळावर धुळाबाचं घर. चाळीस वर्षं तो मेंढरांमागं हिंडला. कुणाच्याही रानात कळप बसवायचा तर भोवतीची वाघर, म्हणजे दोरीची जाळी, तोच ताणायचा. त्यानं ठोकलेली मेख कधी हलली नाही, असं लोक सांगत. ते खरंच होतं.

दिवाळीच्या तोंडावर त्याच्या छातीत कळ आली. साताऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, "काळजाच्या नळीत जाळी बसवलीय. आता घोर नको."

त्याच शब्दानं धुळाबाची झोप गेली. जाळीची जात तो ओळखून होता. दोरी कुजते. एका मेंढरानं ढुशी दिली तरी दुसऱ्यानं ठोकलेली मेख उपटते.

तेव्हापासून तो वाकेना, मोठ्यानं हसेना. कळपाला हाळी देईना, कोकरू उचलेना. शिंक आली तर नाक धरून दाबी. मेंढरं त्याची बायको हरणाबाई नेऊ लागली.

"आवं, शिंका की मोकळं. कान फुटत्याल," ती म्हणायची.

"गप बस. तुला काय कळतंय."

ज्याची मेख कधी हलली नाही, त्यानं मेखेचं भ्या बायकोला कसं सांगावं?

पौषात तपासणीला दोघं एसटीनं गेली. खड्डा आला की धुळाबाचा हात छातीवर. दवाखान्यात रेश्मा सिस्टरनं रक्तदाब बघितला आणि विचारलं, "बाबा, झोप लागते का? भीती वाटते का कसली?"

इतकं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. खाली बघत तो म्हणाला, "जाळी सुटंल म्हून. मेंढरं उसळली की वाघर पडती, तशी."

हरणाबाईनं तोंडाला पदर लावला. सिस्टर मात्र हसली नाही. त्याला ती डॉक्टरांकडं घेऊन गेली.

"ही बांधलेली नाही, बाबा," डॉक्टर म्हणाले. "तारेची आहे. आता तिच्यावर तुमच्याच अंगाचं अस्तर धरतंय. शिंकून सुटत नाही. गोळी चुकवू नका आणि रोज चाला."

धुळाबानं छातीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "म्हंजी शेराच्या झुडपाच्या कुपाणावानी. रवलेली काठी मूळ धरती."

"तसंच समजा."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेऊन तो हरणाबाईसोबत माळावर निघाला. ओघळीपाशी एक कोकरू मागं राहिलं. धुळाबा थांबला, वाकला, त्याला उचलून छातीशी धरलं. काळीज धडधडलं. तो तसाच उभा राहिला. कोकराचंही धडधडत होतं. हळूहळू दोन्ही निवली.

पुढं कळपानं फुफाटा उडवला आणि धुळाबाला शिंक आली. या खेपेला त्यानं नाक धरलं नाही. सगळ्या मेंढरांनी माना वर केल्या.

"औंधापतूर ऐकू गेली," हरणाबाई म्हणाली.

"जाऊ दे," धुळाबा म्हणाला, आणि त्यानं कळपाला लांबलचक हाळी दिली.