कल्ले बघणारी सासू

मासळीबाजारात शिरलं की डाव्या हाताचा तिसरा ओटा डॉक्टरीणबाईंचा. त्यांनी शाळा चौथीतच सोडली होती, तेव्हा ही पदवी काही विद्यापीठाची नव्हे. शेजारच्या बर्फवाल्याने बहाल केलेली. तीस वर्षं मासे कापून बाईंना माशाच्या पोटातलं सगळं तोंडपाठ झालं होतं. कुणी नदीवर पकडलेला मासा साफ करायला आणला की त्या आधी अंगठ्याने त्याचे कल्ले उचलून बघत, मग पोट चिरत आणि निकाल देऊन मोकळ्या होत. हा पुलाच्या वरच्या प्रवाहातला, खाऊनपिऊन सुखी होता. हा गटाराच्या तोंडचा, याने फार सोसलं. बर्फवाला म्हणायचा, बाईंचं निदान अगदी अचूक, फक्त पेशंटला त्याचा उपयोग नाही.

या सवयीतून माणसंही सुटत नसत. लेकीने स्वतः पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आणला, तेव्हा बाईंनी त्याला खालून वरून न्याहाळलं. डोळे स्वच्छ, कांती तजेलदार, कणा ताठ. कल्ले तेवढे बघायचे राहिले, म्हणून त्याला भरपूर बोलायला लावलं. तासाभराने त्या स्वयंपाकघरात येऊन लेकीच्या कानात म्हणाल्या, की ताजा आहे, घे.

जावई नदीकाठच्या कागदाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. कारखान्याचं गरम पाणी एका जाड नळातून नदीत पडे आणि थंडीच्या दिवसांत तिथे वाफा निघत. त्या उबेला मासे अशी गर्दी करत, की गळ टाकायचा अवकाश. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत एका रविवारी जावई टोपली घेऊन सासूच्या दारात हजर झाला. आत हातभर लांबीचे पाच मासे. त्याचा चेहरा असा फुलला होता, की जणू ते त्याने स्वतः पोसून वाढवलेत.

बाईंचा अंगठा आपोआप कल्ल्यांकडे गेला. कल्ले लालबुंद असायला हवेत. हे चिखलाच्या रंगाचे, बुळबुळीत, आणि त्यांना बारीक पांढऱ्या उवा चिकटलेल्या. हो, माशांनाही उवा होतात. एकाचं पोट चिरलं तर कलेजी फिकट, आणि गाबोळी, म्हणजे अंडी, भरायच्या दिवसांत आत नुसता सुकलेला दोरा. बाईंनी मान वर केली. समोर जावई वाट बघत उभा होता.

"छान आहेत हो," बाई म्हणाल्या.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. त्या एका "छान"वर जावई दर रविवारी टोपली भरून आणू लागला. बाजारात भल्याभल्यांना तोंडावर "हा मासा उचला इथून" म्हणणाऱ्या बाई घरी मात्र गोड हसून टोपली घेत आणि जावयाची पाठ वळली की मागच्या अंगणात गुलाबाच्या बुडाशी खड्डा खणत. दोन महिन्यांत गुलाब असा माजला, की जाणारे-येणारे थांबून बघू लागले. जावयानेही कौतुक केलं, की आई, तुमच्या हाताला गुण आहे. बाईंनी ते श्रेय मातीला दिलं.

हे असंच चाललं असतं, पण लेकीला दिवस गेले. जन्मभर आईच्या पदराला येणाऱ्या माशाच्या वासाने वैतागलेली ही पोरगी कधी माशाला शिवली नव्हती. आता तिला उठता बसता मासाच हवा झाला. जावयाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. त्याने रविवारी टोपली ठेवता ठेवता जाहीर केलं, की पुढच्या आठवड्यापासून तुमचा वाटा जरा कमी होईल हं आई, आता रोज ताजा मासा हिच्या ताटात.

बाई रात्रभर कूस बदलत राहिल्या. खरं सांगावं तर जावई दुखावणार, न सांगावं तर लेकीच्या पोटात काय जाणार. सकाळी उठून त्यांनी टोपलीतला एक मासा बर्फवाल्याकडे जपून ठेवायला दिला आणि जावयाला निरोप धाडला, की कामाची पाळी सुटल्यावर ओट्यावर या.

तो आला. परत न्यायची त्याची टोपली ओट्याशी ठेवलेली होती. बाईंनी फळीवर दोन मासे शेजारी शेजारी ठेवले, एकाच जातीचे, एकाच लांबीचे. एक पुलाच्या वरचा, दुसरा त्याच्या नळावरचा. मग सुरी त्याच्याच हातात दिली. त्याने पहिल्याचे कल्ले उचलले, दुसऱ्याचे उचलले, पुन्हा पहिल्याचे बघितले. पोटं चिरली.

"पण आमचं पाणी नुसतं गरम असतं, आई," शेवटी तो म्हणाला. "माशांना ऊबच मिळते ना."

"ऊब मिळते म्हणून तर येतात बिचारे. पण गरम पाण्यात हवा कमी. कोंदट खोलीत दारं लावून बसल्यासारखं होतं त्यांचं. धापा टाकून टाकून जीव मेटाकुटीला येतो. उवांना मात्र ती ऊब बरोबर मानवते." बाईंनी कल्ल्यावरून बोट फिरवून त्याच्यासमोर धरलं. बोटावर तेलाचा तवंग चमकत होता. "आणि हे तुमच्या यंत्रांचं धुणं. असला मासा मी गिऱ्हाइकाच्या पिशवीत घालत नाही. लेकीच्या ताटात कसा घालू?"

जावयाने सुरी खाली ठेवली. "मग दोन महिने तुम्ही काय खाल्लंत?"

"मी नाही खाल्लं. गुलाबाने खाल्लं."

बर्फवाला तोंड फिरवून खांदे हलवत हसला. जावई हसला नाही. टोपली तिथेच विसरून तो निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, घरात तरी कुठे असतो, उजाडत बाहेर पडतो आणि विचारलं की हं हं करतो. बाईंचा जीव थाऱ्यावर राहिना. पहिल्याच दिवशी खरं बोलले असते तर एका टोपलीवर निभावलं असतं, असं त्यांना वाटे, आणि मासे साफ करता करता डोळे भरून येत. गिऱ्हाइकांना वाटे कांद्याचा ओटा शेजारी आहे. पण शेजारी तर बर्फ होता.

तिसऱ्या रविवारी दुपारी दोघंही आली. जावयाच्या हातात नवी टोपली, तळहातांना फोड आणि नखांत काळा गाळ. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. कारखान्यात पाणी निवायला एक तळं होतं. तीन वर्षांपूर्वी ते गाळाने भरलं, तेव्हा त्यानेच चावी फिरवून पाणी सरळ नदीत सोडलं होतं, आठ दिवसांसाठी म्हणून. ते आठ दिवस अजून संपले नव्हते. साहेबांनी बघू बघू केलं, मग सुट्टीच्या दिवशी करणार असाल तर करा म्हणाले. त्याने चार सोबती गोळा केले, फावडी घेतली आणि दोन रविवार तळं उपसलं, तेल अडवायचा हौदही धुऊन काढला. आता पाणी दोन दिवस तळ्यात निवतं, मगच नदीला जातं.

"आणि मासे?" बाईंनी विचारलं.

"सकाळपासून बसलो होतो. एकसुद्धा नाही." त्याने ओशाळून टोपली पुढे केली. "ऊब गेली, तसे सगळे गेले."

बाईंनी टोपली दोन्ही हातांनी घेतली, झाकण उचललं आणि आत निरखून बघितलं. तळाशी ओलं गवत होतं, बाकी काही नव्हतं.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या.

"पहिल्या दिवशीही हेच म्हणाला होतात."

"तेव्हा तुमचं मन राखलं होतं. आज टोपली बघून म्हणतेय." त्यांनी त्याचे फोड आलेले हात धरले आणि उलटेपालटे करून बघितले, मासा बघावा तसे.

त्या दुपारी पुलाच्या वरचा मासा शिजला. लेकीने तीन तुकडे खाल्ले आणि चौथा नवऱ्याच्या ताटातून उचलला. गुलाबाला मात्र आता कायमचं नुसत्या पाण्यावर भागवावं लागलं.