पंचविसावी घोंगडी

दर्शन झालं, साक्षात्कार झाला असं कुणी सांगू लागलं की मी आधी विचारते, "तेव्हा तिथं आणखी कोण होतं?" आमच्या मंडळीत माझी ख्यातीच तशी. तेव्हा हे मी लिहिते आहे याचं वाचकांपेक्षा मलाच जास्त नवल वाटतं.

१९३६ सालचा डिसेंबर. नाशिकच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत नाताळाला गरजूंना घोंगड्या वाटायचं काम माझ्याकडे असे. प्रत्येक घोंगडीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं आकडा, खाली माझा एक उलटा टाका... तो मी कुणालाच शिकवलेला नाही. मिळालेली घोंगडी कुणी विकली, तर पुढच्या वर्षी नाव बाद. नियम माझाच.

त्या वर्षी मी सालूबाईचं नाव काढलं. तिची नऊ नंबरची घोंगडी मी स्वतः टांग्याच्या अड्ड्यावर घोड्याच्या पाठीवर पाहिली होती.

"इकली नाय बाई," ती म्हणाली. "टांगेवाले चाचा तापानं थडथडत होते, त्यांना पांघरायला दिली. बरं वाटल्यावर त्यांनी घोड्यावर टाकली, त्यात माझा काय गुन्हा?"

"गोष्ट चांगली रचलीस."

"याकोबची छाती लय भरलीय, बाई. या थंडीत नाय निभायचा तो..."

याकोब तिचा नवरा, गवंडीकाम करणारा. मी यादी मिटली. चोवीस नावं, चोवीस घोंगड्या, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं मी पिंपळगाव बसवंतला नणंदेकडे गेले, परतले ती दिवेलागणीला. त्यानंतर दोन दिवसांनी सालूच्या दारावरून जाताना पाहिलं, तर याकोब उन्हात बसून पेज पितोय, अंगावर कोरी घोंगडी! मी कोपरा उलटला. आकडा पंचवीस. खाली माझा टाका.

"कुणी दिली?"

सालू हसली. "थट्टा करता का बाई? परवा दुपारी तुम्हीच तर आणली."

"परवा मी पिंपळगावला होते."

"मंग तुमचं भूत आलं असंल!" शेजारची तुळसाबाई ओट्यावरून म्हणाली. "म्या पाह्यलं की. कधी नव्हं त्या चपला भाईर काढल्या, आत बसून त्याची छाती शेकली."

"आन् जाताना म्हणलात, सालू, मला क्षमा कर," सालूचा आवाज खाली आला. "मला तर रडूच फुटलं."

क्षमा? आणि मी? दोघींचं संगनमत दिसतंय, असं मी मनाशी धरलं. घरी येऊन कपाट उघडलं — घोंगड्या चोवीसच्या चोवीस. घोंगड्यांचे काठ शिवणाऱ्या मार्थाबाईला फैलावर घेतलं.

"अहो, माझी शिवण तुम्ही तीनदा उसवायला लावता. तुमचा टाका मला जमता तर काय हवं होतं?"

नणंदेला पत्र घातलं. उलट टपाली उत्तर आलं : दिवसभर माझ्याकडे तांदूळ निवडत होतीस, डोकं ठिकाणावर आहे ना?

शेवटी टांगेवाल्या चाचांना गाठलं. ते म्हणाले, "हो बाई, तापात होतो. सालूबाईनं स्वतःच्या अंगावरची काढून दिली."

एवढ्या चौकशीत एकच गोष्ट पक्की झाली, आणि नेमकी तीच मी खोटी ठरवली होती.

सगळं खरं सांगून टाकावं म्हणून सालूकडे गेले. तिनं माझे हात धरले. "तुम्ही आला नसता तर हा नसता, बाई." सांगायचं ते न सांगताच मी परत आले.

आजही रविवारच्या उपासनेला देवळात ती मला शेजारी जागा करून देते. मी बसते. तिनं क्षमा केली ती नक्की कुणाला, ते मला अजून ठाऊक नाही.