काचो, रानरेडा आणि दहा दिवसांची रजा

ऑफिसातले किस्से आणि ऑफिसातल्या छत्र्या यांचं एकच असतं. कुणी मुद्दाम जमवत नाही, कुणी घरीही नेत नाही, आणि एक दिवस बघावं तर स्टँड गच्च भरलेला! नव्वदच्या दशकात मी तोक्योतल्या एका ट्रेडिंग कंपनीत पाच वर्षं काढली. तिथले माझे बहुतेक किस्से एकाच माणसाचे आहेत. आमचे काचो, म्हणजे सेक्शनचे साहेब, कोबायाशी-सान.

वय अठ्ठावन्न, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि आवाज इतका बारीक की फोनवर समोरचा नुसता "हॅलो? हॅलो?" करत राहायचा. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली. आणि या माणसाची एकच इच्छा होती, आफ्रिकेत जाऊन केप बफेलोची शिकार करायची! केप बफेलो म्हणजे तिकडचा रानरेडा. जखमी झाला तर पळून जात नाही, उलट शिकाऱ्यालाच शोधत येतो म्हणतात. त्याचा फोटो वीस वर्षं काचोंच्या टेबलावर, काचेखाली, बायकोच्या फोटोशेजारी होता.

"गुडघे चालतायत तोवर एकदा तरी, देसाई-सान," ते मला म्हणायचे. ते अगदी मनापासून म्हणायचे, म्हणून मला हसूही यायचं आणि काळजीही वाटायची.

* * *

मी भारतातला, म्हणजे म्हशींमधला तज्ज्ञ, हे काचोंनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"तुमच्याकडे बफेलो घरोघरी असतात ना? बिथरला तर काय करायचं?"

मी गिरगावात वाढलेला. माझा म्हशीशी संबंध दुधाच्या पिशवीपुरता! पण साहेबांना 'माहीत नाही' कसं सांगणार? साताऱ्याच्या मामाला पत्र टाकलं. महिन्याभराने उत्तर आलं: "जनावर बुजलं आसंल तर म्होरनं जाऊ नये. बाजूनं जावं, नावानं हाक मारावी, पाठीवर थोपटावं, मग धारंला बसावं."

मी इमानदारीत भाषांतर करून दिलं. काचोंनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि 'नावानं हाक मारावी' याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

* * *

सरावाला बंदूक हवी, बंदुकीला लायसन्स हवं, आणि लायसन्स द्यायच्या आधी पोलीस शेजाऱ्यांकडे चौकशी करून जातात. तोक्योच्या निशी-कसाई भागात आम्ही आणि काचो एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. त्यामुळे एका शनिवारी आमचीही बेल वाजली. दार माझ्या बायकोने, सुनंदाने उघडलं.

"कोबायाशी-सान भांडतात का?"

"नाही हो."

"दारू?"

"ऑफिसबरोबर. म्हणजे सगळेच पितात तेवढी."

"एकदम चिडतात वगैरे?"

"कधीच नाही."

इन्स्पेक्टरचा चेहरा मख्ख. एकाही शब्दावर त्याचा विश्वास बसत नव्हता. शेवटी सुनंदा वैतागून म्हणाली, "अहो, ते बाटल्या धुऊन, झाकणं वेगळी करून, बरोबर त्याच वारी कचऱ्यात ठेवतात!"

इन्स्पेक्टरने वही मिटली. "हे आधी सांगायचं ना!"

लायसन्स मिळालं.

* * *

रेड्याचं काळीज खाली असतं, पुढच्या पायाच्या मागे. तिथेच गोळी लागली पाहिजे. हे काचोंना पुस्तकातून पाठ होतं, पण नजर बसायला अंगापिंडाने तेवढं काहीतरी हवं होतं. ऑफिसात तसं एकच होतं, फोटोकॉपी मशीन!

मग रोज लंच-ब्रेकमध्ये मशीनवर काळं कापड पडायचं. काचो झाडू खांद्याला लावून फाइलींच्या कपाटामागून रांगत यायचे, आणि आम्ही सगळे डबे खात श्वास रोखून बसायचो. काळजाची जागा ठरलेली: दोन नंबरचा पेपर ट्रे.

एकदा ते नेम धरून बसलेले असताना सातो-सान, आमची सगळ्यात ज्युनियर मुलगी, हातात कागद घेऊन आली. तिने झाडूकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि अदबीने विचारलं, "काचो, तुम्ही आधी मारताय, की मी तीन कॉपी काढून घेऊ?"

"अर्जंट आहे?"

"हो."

काचोंनी झाडू खाली घेतला.

* * *

खरा अडथळा रेडा नव्हताच. खरा अडथळा होता रजा! काचोंनी तीस वर्षांत सलग तीन दिवसांची रजा घेतली नव्हती, आणि आता मागत होते दहा दिवस. आमचे बुचो, म्हणजे अख्ख्या डिपार्टमेंटचे साहेब, यांनी अर्ज दोनदा वाचला.

"एक रेडा," बुचो म्हणाले, "आणि दहा दिवस?"

"तो शोधावा लागतो, सर."

"आधी अपॉइंटमेंट नाही घेता येत?"

रजा मिळाली. काचोंनी प्रत्येक टेबलाशी जाऊन, वाकून, गैरसोयीबद्दल माफी मागितली. ऑफिस-बॉयलरची पाहणी करायला आलेल्या परक्या माणसाचीही मागितली.

* * *

अकराव्या दिवशी काचो परतले. सगळ्यांच्या टेबलांवर जिराफाच्या आकाराची बिस्किटं ठेवून झाली, पण रेड्याचा एक शब्द नाही. शेवटी आम्ही त्यांना घेरलं.

"दिसला," ते म्हणाले. "आठव्या दिवशी. चाळीस पावलांवर. एकटाच, चिखलात उभा. गाइड म्हणाला, म्हातारा आहे, बरीच वर्षं कळपात पुढे असायचा, आता एकटा राहतो."

"मग? मारलात?"

"मी बंदूक खाली ठेवली आणि वाकून नमस्कार केला."

वीस वर्षांची इच्छा, आणि समोर आलेली अशी सोडून दिली! मला खरंच गलबलून आलं.

"आणि रेडा?" सातो-सानने विचारलं.

"त्यानेही मान खाली घातली."

रानरेडा मान खाली घालतो ती अंगावर धावून यायच्या आधी. हे आम्हाला काचोंनीच शिकवलं होतं.

"गाइड ओरडत होता, पळा, पळा! मग त्याने मला कॉलरला धरून झाडावर ओढलं. दोन तास वर बसलो होतो."

"पण तुम्ही पळाला का नाहीत?" सातो-सान जवळजवळ किंचाळलीच.

काचो ओशाळले. आवाज आणखी बारीक झाला.

"तो अजून वाकलेलाच होता ना. सीनियर सरळ व्हायच्या आधी मी कसा सरळ होणार?"