मिस्त्रींचा मासा

लिफ्ट दुरुस्त करण्यात मिस्त्रींचं उभं आयुष्य गेलं. बिघडलेला भाग बदलून मोकळं होणाऱ्यांतले ते नव्हते. तो मुळात बिघडला का, हे कळेपर्यंत त्यांना अन्न गोड लागायचं नाही. निवृत्तीनंतर ही खोड भागवायला घरात काही उरलं नाही. मिक्सर नवा, फ्रिज नवा, आणि सुनेने आधीच बजावून ठेवलेलं, "बाबा, चालू वस्तू उघडायची नाही."

उरलं सकाळचं समुद्रावर फिरणं. एके दिवशी भरतीने आणून टाकलेल्या काटक्याकुटक्यांत त्यांना एक मेलेला मासा दिसला. बोटाएवढा. रंग चिखलाचा, त्यावर काळे ठिपके. अंगावर खवल्यांऐवजी कडक पत्रे, कानशीसारखे खरखरीत. पाठीवर पंख्यासारखा पर, आणि तोंड समोर नाहीच; डोक्याच्या खालच्या बाजूला, गोल, रबरी चकतीसारखं. इतकी वर्षं हा किनारा तुडवला, पण असलं ध्यान कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तो रुमालात गुंडाळून घरी आणला.

दुपारी बायकोने बर्फाच्या कप्प्यातला डबा उघडला.

"अहो, हे काय?"

"मासा आहे."

"ते दिसतंय मला. इथे कशाला?"

"कुठला आहे ते शोधायचंय."

"शोधा. आणि तोवर माझे मटार कुठे ठेवायचे, तेही शोधा."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री डबा घेऊन बाजारात गेले. मासळीवालीने सुरी न थांबवता मान वाकडी करून पाहिलं. "शिंगाळ्याचं पिल्लू असेल."

"शिंगाळ्याच्या अंगाला असले पत्रे असतात?"

"काका, हा खायचा नाही, विकायचा नाही, मग नाव घेऊन काय पूजा करायची त्याची? सरका जरा, गिऱ्हाईक आहे."

कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी निदान बसायला खुर्ची दिली. पण मासा त्यांनी डब्यातून बाहेर काढलाच नाही. परीक्षा संपल्यावर या म्हणाले. परीक्षा संपल्या, मिस्त्री गेले, तर सर गावाला. सर परतल्यावर पुन्हा गेले, तेव्हा त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून पुढे ठेवलं. "यात आपल्या समुद्रातले सगळे मासे आहेत. तुम्हीच बघा ना जुळवून."

मिस्त्री वाचनालयात बसून पानं उलटत राहिले. चित्रांवरून नजर फिरवून डोळे चुरचुरायला लागले. पुस्तक संपलं, मासा सापडला नाही.

हे त्यांनी रात्री जेवताना सांगितलं, तसा मुलगा हसला. "मग नवीनच जात असणार, बाबा. तुमचंच नाव देतील त्याला."

"उगाच काहीतरी बोलू नकोस," मिस्त्री म्हणाले. पण झोपण्याआधी त्यांनी डबा काढून मासा पुन्हा एकदा पाहिला. नवीन जात. का नसावी? मनात एकदा शिरलेलं खूळ काही केल्या निघेना. पुस्तक परत करताना प्राध्यापकांना त्यांनी तसं सुचवूनही पाहिलं. सर म्हणाले, "असं कसं होईल?" पण मग तो कुठला, हे काही त्यांना सांगता येईना. मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. नाही तर नाही म्हणा, पण आधी बघा तरी.

एवढ्यात दाढ ठणकायला लागली. दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावून ते बाकावर गाल धरून बसले. समोर काचेची मोठी टाकी होती, त्यात सोनेरी मासे फिरत होते. आणि काचेला तोंड चिकटवून एक वीतभर मासा लटकला होता. चिखलाचा रंग, काळे ठिपके, पाठीवर पंखा, रबरी चकतीसारखं तोंड.

दाढेचा ठणका विसरून मिस्त्री उठले. "हा कुठला मासा?"

"तो होय?" काउंटरवरची मुलगी म्हणाली. "सकर. काचेवरचं शेवाळ खातो. दुकानात मिळतो की कुठल्याही."

"कुठल्याही?"

"हो. दोन आणले होते आम्ही. धाकटा सारखा सोनेरी माशांना जाऊन चिकटायचा, म्हणून मागच्या नाल्यात सोडला."

"गोड्या पाण्यातला ना हा?"

"असेल."

"आणि नाला कुठे जातो?"

"कुठे म्हणजे? पुढे जातो."

"समुद्रात जातो, बाई. खाऱ्या पाण्यात मेला तो."

मुलगी गोंधळली. "मारण्यापेक्षा सोडलेला बरा, असं मॅडमच म्हणाल्या होत्या."

मॅडमनाच विचारायचं, असं ठरवून ते आत गेले. पण खुर्चीत बसताच जबडा बधिर झाला, तोंडात कापूस आला, वर ती लाळ ओढणारी नळी. त्यांनी हातवारे केले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखलं तर डावा हात वर करा, काका." त्यांनी डावा हात वर केला, तर बाईंनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

जाताना अर्ध्या तोंडाने, शब्द चावत, त्यांनी काउंटरवर सांगितलं, "हा मोठाही नकोसा झाला तर नाल्यात सोडू नका. मला फोन करा. मी नेईन." मुलीने नंबर लिहून घेतला.

घरी बायकोने विचारलं, "सापडलं का नाव?"

"सापडलं. शोभेचा मासा आहे. टाकीतला." बायको त्या दिवशी मटारांचं काही बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात दाढेवर टोपी बसवायला ते पुन्हा गेले. टाकी चकाचक दिसत होती. सोनेरी मासे होते. काचेवर कोणी नव्हतं.

"मोठा कुठे गेला?"

मुलीने कानाला लावलेला फोन तळहाताने झाकला. "फार घाण करत होता हो तो. आणि तुमच्या नंबरचा कागद कुठे गेला, काही सापडेना."

मिस्त्री बाकावर जाऊन बसले. आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला, तरी ते उठले नाहीत.