पासाची उलटी बाजू

कोणी शिवलेला कपडा दाखवायला आणला, की मास्तर आधी तो उलटा करत. वरून कपडा कसा दिसतो याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. आतली शिवण सरळ आहे का, दोरे लोंबताहेत का, शिवणीपलीकडे जादा कापडाची माया किती सोडली आहे, एवढं ते बघत आणि चष्म्यावरून समोरच्याकडे पाहत म्हणत, "वरून काय, कोणीही इस्त्री मारतं."

त्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक कापायचं टेबल, दोन मशीनं आणि खिळ्यांना टांगलेले कागदी साचे. मधल्या दारात उजेडाला बसून बायको काजं करी आणि बटणं लावी. एकुलती एक मुलगी भूगोल शिकायला विद्यापीठात गेली, तेव्हा घराण्यात इतकं शिकणारी ती पहिलीच. वसतिगृह परवडणारं नव्हतं, म्हणून ती रोज गाडीनं जाऊन येऊन करू लागली. एका बाजूला सव्वा तास.

पहिले दोन आठवडे रोजचं तिकीट काढलं. मग बायको म्हणाली, "अहो, असंच चाललं तर पोरीला पदवी मिळेपर्यंत एक मशीन विकावं लागेल. पास काढा की."

मास्तर स्टेशनावर गेले. तिकीट खिडकीत एक बाई होत्या. त्यांचा चष्माही मास्तरांसारखाच नाकावर घसरलेला, त्यामुळे मास्तरांना जरा धीर आला.

"विद्यार्थ्याचा पास द्या."

"कोणता?"

"विद्यार्थ्याचा."

"विद्यार्थ्याचाच हो, पण कोणता? महिन्याचा की तिमाही? पाच दिवसांचा की सात? सलग की दोन टप्प्यांचा?"

"दोन टप्प्यांचा म्हणजे?"

"मधल्या स्टेशनापर्यंत एक पास, तिथून पुढे दुसरा. दोन्ही मिळून सलग पासापेक्षा स्वस्त पडतात."

मास्तरांना हे काही केल्या पटेना. कापडाचे दोन तुकडे करून जोडले, तर मधे शिवण येते, शिवणीला माया लागते, म्हणजे कापड जास्तच जातं. एका अखंड प्रवासाचे दोन तुकडे केले तर तो स्वस्त कसा होईल? यात काहीतरी गोम असणार. त्यांना विचारायचं होतं, पण मागे आठ माणसं उभी होती आणि त्यांतला एक जण नाण्यानं कठड्यावर टकटक करत होता.

"सगळ्यांत स्वस्त कोणता?" त्यांनी एका दमात विचारलं.

"सात नंबरचा. जवळजवळ निम्म्यात. नियम मागे छापलेत, वाचून घ्या."

"तोच द्या. तिमाही."

मुलीचा फोटो चिकटवून, शिक्का मारून पास हातात आला. मास्तरांनी फोटो बघितला, नाव बघितलं, पास खिशात ठेवला. पुऱ्या पासाचे पैसे घेऊन गेले होते आणि त्यांतले जवळजवळ निम्मे उरले होते. परतताना कापडाच्या दुकानावरून पाय पुढे निघेना. मुलीचा कोट कोपरांवर विरला होता. त्यांनी राखी रंगाचं जाड लोकरीचं कापड घेतलं आणि स्वर्ग दोन बोटं उरल्यासारखे घरी आले.

संध्याकाळी मुलीनं पास हातात घेतला, उलटा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"काय गं? नाव चुकलंय का?"

"नाही बाबा. बरोबर आहे."

"मग उभी राहा, कोटाचं माप घेतो."

"नंतर घ्या ना. आज दमलेय मी."

पुढचे काही दिवस मास्तर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पासाची गोष्ट सांगत होते. पोस्टमन दर वर्षी पँट कमरेत सैल करून घ्यायला येई, त्यालाही सांगून झाली. "निम्म्यात," मास्तर तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाले. "माणसानं विचारायला लाजू नये." बायकोनं दोरा तोडता तोडता एकदा वर बघितलं. तीस वर्षांत तिनं यांना भाजीचा भावही विचारताना पाहिलं नव्हतं.

मुलगी मात्र रोज म्हणे, माप उद्या घ्या. कापड घडीसकट फळीवर पडून राहिलं.

आणि एक दिवस तोच पोस्टमन पत्र घेऊन आला. "मास्तर, विद्यापीठाचं आहे. पोरीला बक्षीस असणार."

पत्र तीन ओळींचं होतं. नकाशावाचनाच्या नऊच्या तासाला आपली मुलगी अठरापैकी फक्त आठ दिवस हजर आहे. सत्रात पाऊण हिस्सा हजेरी भरली नाही, तर परीक्षेला बसता येणार नाही. खाली सही.

मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं. मुलगी रोज सातला घर सोडते. दार तेच लावून घेतात. सात पंचविसाची गाडी पावणेनऊच्या आत पोचते. मग नऊला ती वर्गात नाही, तर असते कुठे?

बायकोनं पत्र वाचलं आणि हातातलं काज तसंच ठेवलं. "माझ्या मनात नको नको ते येतंय."

"येऊ देऊ नकोस."

"ते काय विचारून येतं? तुम्ही पोरीलाच विचारा."

"तू विचार."

"मी का? पत्र तुमच्या नावावर आलंय."

संध्याकाळी मुलगी आली. जेवली, आणि टेबलाच्या एका कोपऱ्यात कागद पसरून नकाशा रंगवत बसली. मास्तर दोनदा तिच्याजवळ गेले. एकदा खडू घेऊन परत आले, एकदा खडू ठेवून परत आले. विचारायचं कसं तेच सुचेना. उलटसुलट विचार करत त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाह्या कापल्या, आणि कापून झाल्यावर पाहतात तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या.

"आता विचारता की अजून चार बाह्या कापता?" बायको हळूच म्हणाली.

पण त्यांनी विचारलं नाही.

सकाळी मुलगी सातला गेली. तासाभरानं मास्तरांनी चपला घातल्या आणि ते स्टेशनाकडे निघाले. तिथे जाऊन काय करायचं हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तिची गाडी तर केव्हाच सुटलेली. वाटेत त्यांनी तीन खुलासे तयार केले. गाडी रोज उशिरा पोचत असेल. विद्यापीठाचं घड्याळ पुढे असेल. किंवा पत्रातली मुलगी दुसरीच कोणी असेल, पत्ता चुकला असेल. तिन्ही खुलासे स्टेशन येईपर्यंतही टिकले नाहीत. खिडकीतल्या बाईंना गाडीचं विचारावं म्हणून ते आत शिरले आणि वेटिंग रूमच्या उघड्या दारातून त्यांना आपली मुलगी दिसली.

शेवटच्या बाकावर ती मांडीवर नकाशाचा कागद घेऊन बसली होती. मास्तर कानावर खडू ठेवतात, तशी तिनं कानावर रंगीत पेन्सिल ठेवली होती. मास्तर जाऊन शेजारी बसले. ती दचकली, पण उठली नाही.

"गाडी चुकली?"

"नाही."

"मग?"

"मी सव्वानऊच्या गाडीनं जाते, बाबा. रोजच."

"रोज? का?"

तिनं पास काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोटो पाहिला, नाव पाहिलं, शिक्का आणि तारीख पाहिली.

"बरोबर तर आहे."

"उलटा करा."

मागे मुंगीएवढ्या अक्षरांत बारा ओळी होत्या. चौथी ओळ अशी होती: सकाळी नऊपूर्वी सुटणाऱ्या गाड्यांना हा पास चालणार नाही. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. ओळ तीच होती.

"मग तू घरून सातला का निघतेस?" त्यांना खरोखरच समजत नव्हतं.

"साडेआठला निघाले असते तर तुम्ही विचारलं असतं."

"विचारलं असतं. मग?"

"मग सांगावं लागलं असतं. तुम्ही पोस्टमनकाकांनासुद्धा सांगून बसला होतात, बाबा."

मास्तरांनी पास पुन्हा सुलटा केला. मुलीनं कागदाची गुंडाळी केली. "मला वाटलं, नकाशे घरी बसून भरून काढीन. नकाशे निघाले. हजेरी नाही निघाली."

"आणि कोटाचं माप?"

"कापड कापलं असतं तर दुकानदारानं परत घेतलं असतं का?"

इतके दिवस ही पोर दमली म्हणून माप देत नाही, असं मास्तरांना वाटत होतं.

"किती तास गेले?" त्यांनी विचारलं.

"आजचा धरून चौदा. सत्रात साठ आहेत, पंचेचाळीस भरायला हवेत. आता फक्त एक चुकला तर चालेल."

त्याच सकाळी मास्तरांनी कापड काखेत मारलं आणि दुकान गाठलं. दुकानदारानं घडी उलगडून खडूची खूण शोधली. "इतक्या दिवसांनी परत? मास्तर, तुम्ही?" खूण सापडली नाही, तरी त्यानं थोडे पैसे कापलेच. कमी पडलेले पैसे बायकोनं बटणांच्या डब्यातून काढून दिले. मास्तर पुन्हा खिडकीपाशी उभे राहिले.

"सात नंबरचा बदलून पूर्ण पास द्या."

"फरक भरावा लागेल."

फरक भरला. पास हातात आला. मास्तरांनी तो उलटा केला आणि तिथेच उभं राहून वाचायला लागले. मागे पाच-सहा माणसं होती.

"अहो, पुढे चला," मागून कोणीतरी म्हणालं.

"वाचतोय," मास्तर म्हणाले आणि खिडकीकडे वळले. "यात वेळेची काही अट नाही ना?"

"नाही."

"कसलीच अट नाही?"

"रविवारी कुत्रा नेता येत नाही."

"कुत्रा नाही आमच्याकडे," मास्तरांनी तरीही खात्री करून सांगितलं.

तेव्हापासून मुलगी सात पंचविसाच्या गाडीनं जाऊ लागली. मास्तरांनी भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी साठ चौकोनांचा कागद लावला. एक दिवस इंजिन बंद पडून गाडी दोन तास वाटेतच उभी राहिली आणि शिलकीतला एकुलता एक तास गेला. पुढे एकदा मुलीला ताप आला. ती ऐकेना, म्हणून मास्तर पुरं तिकीट काढून तिच्याबरोबर गेले आणि तास संपेपर्यंत वर्गाबाहेरच्या बाकावर पाण्याची बाटली धरून बसले. आत शिकवणाऱ्या बाई नकाशावरच्या उंचीच्या रेषांबद्दल काहीतरी सांगत होत्या. रेषा जवळ आल्या की चढ मोठा. मास्तरांना वाटलं, हे टाक्यांसारखंच असावं. मग वाटलं, नसावंही.

सत्र संपलं. यादी लागली. साठपैकी पंचेचाळीस. मुलगी परीक्षेला बसली.

दुपारी मास्तर टेबलाशी बोटांवर हिशोब करत बसले होते. पासात वाचले. त्याचं कापड घेतलं. कापड परत केलं, त्यात थोडे गेले. फरक भरला. वर आपलं तिकीट. "म्हणजे शेवटी वाचलं काय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"बाह्या शिवा," बायको म्हणाली.

पुढच्या सत्राच्या आदल्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "बाबा, दोन टप्प्यांचा पास घेऊ या. सकाळची गाडी मधल्या स्टेशनावर थांबते. थांबली की झालं, उतरावं लागत नाही. मी मागची बाजू वाचलीय आणि खिडकीतल्या बाईंनाही विचारलंय."

"पण दोन तुकडे स्वस्त कसे?"

तिनं कागदावर रेघ काढली, मधे खूण केली, लांब अंतराचा दर आणि जवळच्या अंतराचा दर समजावून सांगितला. मास्तर मान हलवत राहिले. मग म्हणाले, "पण मधली शिवण?"

"शिवण नसते, बाबा."

"असं कसं?"

तरी ते गेले. दोन पास आणले, दोन्ही उलटे करून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले आणि मुलीच्या हातात दिले. तेच राखी कापड दुकानात अजून पडून होतं. उरलेल्या पैशांत या वेळी कोटापुरतंच बसलं, खिशांना दुसरं लावावं लागणार होतं.

"उभी राहा," ते म्हणाले. या वेळी ती लगेच उभी राहिली. मास्तरांनी खांद्यावर फीत धरली, बायकोनं लिहायला वही घेतली.

"बाही," मास्तर म्हणाले आणि थांबले. फीत मनगटापाशी तशीच धरून ते मुलीच्या हातातल्या दोन पासांकडे बघत होते.

"किती?" बायकोनं विचारलं.

"काय किती?"

"बाही हो."

"हां," मास्तर म्हणाले आणि पुन्हा खांद्यापासून मोजू लागले.