अर्थिंगकाकांचा दुसरा खड्डा

अर्थिंगकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघत नसत. वीज कंपनीत वायरमन म्हणून सगळी नोकरी गेली आणि त्या नोकरीतून त्यांनी एकच धर्म घरी आणला, अर्थिंगच्या हिरव्या वायरीचा. कुणाकडे गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी प्रश्न, "अर्थिंग आहे ना?" भाचीच्या सासरी पहिल्यांदा गेले, तेव्हा व्याह्यांशी दोन शब्द बोलायचं सोडून हा गृहस्थ टेस्टर घेऊन थेट त्यांच्या स्वयंपाकघरात शिरला. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका बोलायचे आणि काकू ऐकायच्या, असा त्यांचा संसार. त्यामुळे ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या संस्थेने काकूंचा आवाज पसंत केला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आश्चर्य काकांना वाटलं. "अगं, तुला आवाज आहे?" असं ते म्हणाले म्हणे. म्हणे कशाला, म्हणालेच.

पण माणूस मनाचा दिलदार. त्यांनी मागच्या खोलीत भिंतींना रजया टांगल्या, माइक आणला, आवाजाचा छोटा मिक्सर आणला, मिक्सर यूएसबीच्या केबलने भाचीच्या जुन्या लॅपटॉपला जोडला. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती. घरातलं अर्थिंग चाळवजा घरांच्या सगळ्या ओळीला मिळून एकच होतं. "शेजारपाजारचं उष्टं अर्थिंग माझ्या बायकोच्या मशीनला नको," असं म्हणून त्यांनी परसात स्वतः खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, कोळसा-मीठ घातलं आणि तिथून वायर ओढून खास मिक्सरसाठी वेगळा बोर्ड बसवला. कुणी बायकोला दागिना करतं, काकांनी खड्डा केला.

आणि पहिल्याच रेकॉर्डिंगपासून काकूंच्या आवाजामागे घूंऽऽ सुरू झालं.

संस्थेच्या बाईंचा फोन आला. "काकू, वाचन फार सुंदर आहे, पण मागे सारखं काहीतरी घुमतंय. संध्याकाळपर्यंत स्वच्छ नमुना आला नाही, तर कादंबरी दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल हो." काकूंनी फोन ठेवला आणि काकांना सांगितलं. ती कादंबरी त्यांना मनापासून हवी होती. एका म्हाताऱ्या शिंपिणीची गोष्ट होती, आणि वाचता वाचता काकू तिच्या प्रेमात पडल्या होत्या.

काका पेटून उठले. आधी फ्रिज बंद केला. दूध नासलं, घूं तसंच. पंखा बंद, पंप बंद, दारावरची घंटा सोडवून बाजूला. शेजाऱ्यांचा टीव्हीसुद्धा ऐन मॅचमध्ये बंद करायला लावला, आणि शेजारी अजून त्याबद्दल बोलत नाहीत, म्हणजे काकांशीच बोलत नाहीत. घूं ढिम्म.

दुपारी काकूंचा भाऊ आला. त्याला प्रत्येक गोष्टीतलं थोडं थोडं कळतं. तो म्हणाला, "दाजी, सोपं आहे. चार्जरची तिसरी पिन मोडून टाका. घूं गायब."

"पिन मोडू?" काका इतक्या मोठ्याने ओरडले की रजयांमधूनही ओळीला ऐकू गेलं. "अर्थिंगची पिन? उद्या शॉक बसला तर बहीण तुझीच आहे ना रे?"

"अहो, बघा तर खरं," म्हणत मेहुण्याने लॅपटॉपचा चार्जर उपटला. हेडफोन लावून बसलेल्या काकू एकदम म्हणाल्या, "गेला! आवाज गेला!"

चार्जर परत लावला, घूं परत आलं. काढला, गेलं. मेहुणा अशा थाटात बघायला लागला की जणू वीज त्यानेच शोधली. पण बॅटरी म्हातारी, पान-दीड पान वाचलं की लॅपटॉप डोळे मिटायचा. त्याच्यावर कादंबरी कशी व्हायची?

काका मात्र चार्जरकडे बघत राहिले. चार्जर जुन्या बोर्डात होता, घराच्या अर्थिंगवर. मिक्सर नव्या बोर्डात, त्यांच्या लाडक्या खड्ड्यावर. आणि यूएसबीची केबल दोघांना जोडून मध्ये बसलेली. दोन विहिरींच्या पाण्याची पातळी कधी सारखी नसते. मध्ये नळी जोडली की पाणी धावणारच. तसा दोन अर्थिंगमधला करंट त्या केबलमधून धावत होता, आणि तोच काकूंच्या आवाजात घुमत होता.

दोन खड्डे असले तर ते आपसात जोडून घ्यायचे, हे काकांनी शिकाऊ पोरांच्या डोक्यात आयुष्यभर टपल्या मारून भरवलं होतं. उष्ट्याच्या हट्टापायी तेच विसरले. त्यांचा चेहरा पडला. चूक झाकून मेहुण्याच्या डोक्यावर खापर फोडता आलं असतं, आणि तशी जुनी सवयही होती.

"माझंच अर्थिंग बोंबलतंय गं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं नाही."

मेन स्विच बंद करून त्यांनी नव्या बोर्डातली खड्ड्याची वायर सोडवली आणि बोर्ड घराच्या अर्थिंगला जोडला. मग एकच एक्स्टेन्शन आणून मिक्सर आणि चार्जर दोघांना शेजारी शेजारी बसवलं. पिन एकही मोडली नाही. मेन चालू केला. काकूंनी हेडफोन कानाला लावला आणि मान डोलावली.

"वाच," काका म्हणाले, आणि कोपऱ्यात स्टुलावर बसले. इतका वेळ न बोलता ते कधीच बसले नव्हते. काकू शिंपिणीची गोष्ट वाचत होत्या आणि काका बघत होते की ही बाई आपल्याच घरात इतकी वर्षं होती आणि आपण हिला एकदाही ऐकलं नाही. त्यांना फार वाईट वाटलं.

संध्याकाळी नमुना गेला आणि लगेच फोन आला. "काकू, घूं पूर्ण गेलंय! पुस्तक तुमचंच. फक्त शेवटच्या पानावर कुणीतरी जोरात नाक ओढलंय, तेवढं पान परत वाचून पाठवा."

काकूंनी काकांकडे बघितलं.

"सर्दी आहे," काका म्हणाले.

"मग बाहेर बसा."

काका निमूटपणे स्टूल उचलून दाराबाहेर गेले आणि दाराला कान लावून बसले. काकूंनी ते पान तीनदा वाचलं. पहिल्याच खेपेला नीट झालं होतं.