रडायची पडवी

थोरल्या जाऊबाईंना कर्करोग झाल्याचं कळलं आणि नाशिकच्या आमच्या घरी भेटायला येणारा प्रत्येकजण त्यांच्यासमोर रडू लागला. त्याच उठून सगळ्यांना पाणी देत. मग मी शिस्त लावली. आधी मागच्या पडवीत रडून घ्यायचं, तोंड धुवायचं, मगच हसत आत जायचं. तिथे पाट, तांब्या आणि पंचा ठेवला. निफाडच्या मावशी उठेचनात.

"अहो मावशी, आवरा! सायखेड्याची मंडळी खोळंबलीत."

तेवढ्यात जाऊबाईच पडवीत आल्या.

"तुम्ही इथे कशाला आलात?"

"आत सगळे नुसते हसतात गं. मी रडायचं कुठे?"

मी मावशींना आणि सायखेडकरांना चहाला पाठवलं, दार लोटलं आणि त्यांच्याशेजारी बसले.